तळघर कोरडं होतं तोवर

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीवर दिमाखात बसून शेतं भिजवणारा पंप नव्हे. मी घराच्या पोटातला. तळघराच्या फरशीत एक खड्डा असतो, त्यात माझे पाय. कमरेएवढ्या दांड्यावर माझं डोकं, म्हणजे मोटर. बाजूला तांब्याचा पोकळ गोळा. बर्फ वितळून जमीन भिजली की खड्ड्यात पाणी झिरपतं. पाणी चढलं की गोळा वर येतो, गोळा वर आला की मी सुरू होतो आणि ते पाणी घराबाहेर फेकतो. गोळा खाली गेला की गप्प. एवढंच माझं काम. अमेरिकेतल्या आयोवात लेलंड आणि अर्डिथ स्कालिकी या नवरा-बायकोच्या घरी मी ते जवळजवळ सारा जन्म केलं.

माझा जन्म लोखंड ओतायच्या कारखान्यात झाला. त्यातलं फारसं आठवत नाही. गरम होतं, मग गार झालं. एका बाईनं मला पाण्याच्या टाकीत उभं करून चालू केलं, कान देऊन ऐकलं, शेजारणीला म्हणाली, "हा चांगला निघाला," आणि मला खोक्यात घातलं. ती माझी पहिली शाबासकी. पुढं शाबासक्या पुष्कळ मिळाल्या. जरा कमी मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

लेलंडनं मला गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलं. तो सहकारी धान्यकोठारावर कामाला होता. उंच, खांद्यातून वाकलेला, बोलायला लागला की समोरच्याची कॉफी गार होईल असा. दुकानदाराला त्यानं विचारलं होतं, "किती टिकेल हा?"

"तुझ्याहून जास्त," दुकानदार म्हणाला. दोघंही हसले. ते खरं ठरलं.

घर खडीच्या रस्त्याच्या सखल बाजूला होतं. मागं मक्याचं शेत, शेतापलीकडं मातीचा बांध, बांधापलीकडं नदी. मला यातलं काही दिसत नसे. पण वरच्या स्वयंपाकघरातून मळके कपडे खाली टाकायला भिंतीत एक नळकांडं होतं. त्यातून कपडे येत तसं बोलणंही येई. माझं सगळं शिक्षण त्या नळकांड्यातून झालं.

दर वर्षी शेतं रिकामी झाली की विमा एजंट कोरीन डाल यायची. गारपिटीपासून ट्रॅक्टरपर्यंत गावातला सगळा विमा तिच्याकडंच. लेलंडचं घर सरकारी नकाशात पुराच्या पट्ट्यात पडत होतं. घरावर कर्ज होतं, म्हणून बँक पुराच्या विम्यासाठी मागं लागायची. लेलंडला ते अजिबात पटत नसे.

"नदी केवढी लांब! मधे अख्खं शेत, त्यापुढं बांध. ती काय बूट घालून चालत येणार आहे?"

"तिला बूट लागत नाहीत, लेलंड. सही करा."

"बँकेला सांग, माझ्या तळघरात पंप आहे म्हणावं."

"पंप झिरपलेलं पाणी काढतो. लोंढा आला तर पंपच बुडेल. आणि तुमचा तो नेहमीचा घराचा विमा, आग-वादळाचा, त्यात पुरासाठी दमडी मिळत नाही. हे मी दर वर्षी सांगते."

"दर वर्षी सांगतेस आणि दर वर्षी अर्डिथचे जर्दाळू भरलेले गोड पाव, ते कोलाचे, संपवून जातेस," लेलंड म्हणायचा, आणि सही करायचा.

मग एक वसंत असा आला की रस्त्यावरच्या सगळ्या तळघरांत पाणी भरलं. आमचं कोरडं राहिलं. रस्त्याच्या पलीकडं राहणाऱ्या मर्ल बुस्कर्कचा नवाकोरा पंप पहिल्याच दिवशी धापा टाकून मेला. मर्ल म्हणजे लेलंडचा शाळेपासूनचा मित्र आणि गावच्या अग्निशमन पथकातला बिनपगारी शिपाई. तो गुडघ्यापर्यंत भिजलेला आमच्या जिन्यावरून खाली आला आणि माझ्यापुढं उभा राहिला.

"काय रे हा तुझा पठ्ठ्या, लेलंड! बैल आहे बैल."

"तेल देतो मी त्याला. तू काय देतोस तुझ्या पंपाला? शिव्या."

त्या दिवसापासून माझं नाव गावभर झालं. कोठारावर सकाळी कॉफीचे पैसे कोणी द्यायचे ते फासे टाकून ठरवतात. लेलंड हरला तरी माझी गोष्ट सांगूनच पैसे काढायचा.

घराचं कर्ज फिटलं की त्याचा कागद जाळायचा, अशी इकडची जुनी रीत आहे. लेलंडनं तेलाच्या रिकाम्या पिंपात जाळ केला, शेजारीपाजारी जमले, अर्डिथनं कागदाला काडी लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर लेलंड पाहुण्यांना घेऊन तळघरात उतरला. हातात भरलेली बादली. ती त्यानं खड्ड्यात ओतली, गोळा वर आला, मी गुरगुरून सुरू झालो.

"हा बघा माझा विमा!" लेलंड म्हणाला.

सगळे खो खो हसले. कोरीन जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. ती हसली नाही. मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू? सबंध गाव माझ्याकडं बघत होता.

त्याच वर्षी लेलंडनं पुराची पॉलिसी बंद केली. बँक आता विचारणार नव्हती.

"एखादं वर्ष राहू दे ना," अर्डिथ म्हणाली होती.

"अगं, बँकेनं मानगूट सोडली, आता तू धरू नकोस."

 कमी बोलायची तिची सवयच होती, आणि त्याची जास्त बोलायची. संसार त्यावर नीट चालला होता.

नंतरची वर्षं साधी गेली. मी वसंतात चालायचो, बाकी वर्षभर उभा. एका सुगीत लेलंड कोठारावरच कोसळला आणि गेला. धान्याच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, त्याच्या हातात वजनाची चिठ्ठी होती, म्हणे. त्या आठवड्यात वर पुष्कळ पावलं वाजली. चर्चमधल्या बायकांनी हॅमचे सँडविच आणले. मग पावलं थांबली. अर्डिथ खाली आली आणि शेवटच्या पायरीवर बसून राहिली. रडली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं पाहिलं म्हणा हवं तर. खड्डा कोरडा होता. मला काही कामच नव्हतं.

पुढच्या वसंतापूर्वी ती तेलाची बुधली घेऊन आली. लेलंडची टोपी घालून तिनं माझ्या दोन्ही बेअरिंगांना तेल दिलं, गोळा पुसला, बादलीभर पाणी ओतून मी चालतो का ते बघितलं. मग दर वर्षी तेच. कधी चुकली नाही.

आणि मग तो हिवाळा आला. जमीन दगडासारखी गोठलेली आणि तिच्यावर बर्फ थरांवर थर. कोरीन कोणी न बोलावता आली. मर्ल अर्डिथच्या दारातला बर्फ काढून कॉफी प्यायला बसला होता. मला नळकांड्यातून तिघांचे आवाज येत होते.

"अर्डिथ, यंदा घ्याच. हा बर्फ एकदम वितळला आणि वर पाऊस पडला, तर गोठलेली जमीन थेंबभरही पिणार नाही. सगळं नदीत जाईल. हे बघा, फक्त सही करायची."

खुर्ची सरकली. पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला. मग मर्ल म्हणाला, "बघ हं अर्डिथ, लेलंड वरून बघतोय. त्याच्या पंपावर अविश्वास?"

तो थट्टा करत होता, त्याच्या मनात काही नव्हतं. तो स्वतः कधी पुराचा विमा घेत नसे. नकाशातली रेषा खडीच्या रस्त्याच्या मधून जात होती, आणि त्याचं घर रेषेपलीकडं होतं.

"नदी काही नकाशा बघून येत नाही, मर्ल," कोरीन म्हणाली.

"रविवारनंतर बघू," अर्डिथ म्हणाली. टोपण परत लागलं.

ते दोघं गेल्यावर ती खाली आली. आजवर ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"सही केली तर त्याला खोटं पाडल्यासारखं होईल रे."

मला तोंड असतं तर सांगितलं असतं की कर सही. मेलेल्या माणसाला खोटं पाडलं तर त्याला सर्दी होत नाही. पण पंपाला तोंड नसतं, आणि तो रविवार गेला, पुढचाही गेला.

मार्चमध्ये गरम वारा सुटला आणि बर्फावर पाऊस पडायला लागला. मी सुरू झालो तो थांबेचना. गोळा खाली जायचा, श्वास घ्यायच्या आत वर यायचा. वर रेडिओ एकसारखा चालू होता. अर्डिथनं कोरीनला फोन लावला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज ती मोठाच ठेवायची.

"कोरीन, मी येते. सही करते."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग कोरीन म्हणाली, "आज सही केली तरी पॉलिसी लागू व्हायला तीस दिवस जावे लागतात, अर्डिथ. नियमच आहे तसा. आणि नदी बांधाच्या काठाला टेकलीय."

"तहान लागली आणि मी विहीर खणायला निघाले."

"मीच तेव्हा हट्ट धरायला हवा होता."

"तू धरलास गं. पेन मी ठेवलं."

तिनं फोन ठेवला. मग भांडी घासल्याचे आवाज आले. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती.

दुपारी मर्ल आला. अंगात अग्निशमन पथकाचा जड कोट असावा, चालताना खसखसत होता; आवाज बसलेला.

"नदी बांधावरून आली. शेतात शिरलीय. तुला आत्ताच्या आत्ता निघायचंय. पण त्याआधी तळघर भर."

"काय?"

"भर म्हणतोय. नळाचा पाइप सोड खिडकीतून. बाहेर पाणी चढलं आणि आत पोकळ राहिलं, तर भिंती आत येतील. सगळं घर खाली बसेल. आतूनही पाणीच हवं, म्हणजे भिंतीला दोन्हीकडून रेटा मिळतो. आणि तो पंप आधी बंद कर."

"लेलंडनं जन्मभर हे कोरडं ठेवलं, मर्ल."

"मला माहितीय. हा पंप यायच्या आधी बादल्या मीही उपसल्यात इथं. थांब, मी काढतो पिन."

"नाही. मी काढते."

ती खाली आली. मी धावतच होतो. तिनं एक हात माझ्या मोटरीवर ठेवला. मोटर तापली होती, हात भाजला असणार, पण तिनं तो लगेच काढला नाही. मग भिंतीतून पिन ओढली. मी थांबलो.

थोड्या वेळानं खिडकीतून बागेचा हिरवा पाइप आत आला आणि पाणी पडायला लागलं. विहिरीचं स्वच्छ पाणी. इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ पाणी मी पाहिलं नव्हतं. खड्डा भरला. गोळा वर आला. मी सुरू झालो नाही. पाणी फरशीवर पसरलं, धुण्याच्या यंत्राच्या पायांपाशी गेलं, पायऱ्या चढायला लागलं. गोळा वरच होता. मी सुरू झालो नाही. मग पाणी माझ्या डोक्यावरून गेलं, आणि आवाज यायचे बंद झाले.

मित्रांनो, मला विचारतात की बुडताना कसं वाटतं. काही वाटत नाही. नदीचं पाणी नंतर आलं, ते गार आणि जड होतं, त्याला मातीचा आणि डिझेलचा वास होता. तेवढं कळलं. बाकी काही नाही.

नदी उतरायला बरेच दिवस लागले. मर्लचं खरं ठरलं. भिंती उभ्या राहिल्या. पण वर राहत्या खोल्यांत नदी खिडक्यांपर्यंत येऊन राहिली होती. लाकडी जमीन फुगून पोपडे निघाले, भिंतींवर काळी बुरशी चढली. चर्चची माणसं मास्क लावून आली आणि सामान रस्त्याच्या कडेला टाकायला लागली. मलाही उचलून ढिगावर आडवं ठेवलं. तेव्हा मी ते घर पहिल्यांदा बाहेरून पाहिलं. पांढरं होतं. लहानच होतं.

अर्डिथ घडीच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर पर्स. माणसं एकेक वस्तू घेऊन यायची आणि विचारायची, "हे ठेवायचं का, अर्डिथ?"

"टाका."

पियानो आणला. "टाका." लेलंडची आरामखुर्ची आणली, पाणी गळत होतं तिच्यातून. "टाका." आवाज वर गेला नाही, खाली गेला नाही. दुकानात कोणी पिशवी हवी का विचारलं तर नको म्हणावं, तशी ती म्हणत होती. मला वाईट वाटायला हवं होतं. माझ्यातही तेव्हा फक्त चिखल होता.

सरकारी माणूस आला. भला होता. "पुराचा विमा होता का?" त्यानं हळू विचारलं.

"होता. कर्ज फिटल्यावर बंद केला."

त्यानं मान हलवली. इकडं हे उत्तर त्यानं पुष्कळ दारांत ऐकलं असावं. सरकारनं जी मदत दिली, तिच्यात काही दिवस कुठंतरी राहणं झालं आणि थोडीफार भांडीकुंडी आली. घर उभं राहिलं नाही. खालच्या वळणावरच्या वानेक कुटुंबानं विमा चालू ठेवला होता. मक्याची कणसं भरायच्या आत त्यांच्या नव्या भिंती उभ्या राहिल्या. अर्डिथनं या वयात पुन्हा कर्ज काढायला नकार दिला. ती गावात म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीत दोन खोल्यांत राहायला गेली. तिथं तळघर नाही. पुढं काउंटीनं, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या सरकारनं, तिचं घर विकत घेऊन पाडलं. त्या जागी आता कोणालाही बांधता येत नाही. गवत आहे.

पण ढिगावरचा तो दिवस अजून सांगायचा आहे. मर्ल माझ्यापाशी आला आणि त्यानं मला उभं केलं.

"हा टाकू नकोस, अर्डिथ. मोटर नव्यानं बांधून घेतो मी याची. माझ्या तळघरात लावतो. माझ्याकडं पाणी ओसरीच्या पायरीपर्यंत आलं आणि थांबलं, बघितलंस ना? रेषा बरोबर होती. एवढा पंप असला म्हणजे मला काळजी नाही."

अर्डिथ त्या दिवसात पहिल्यांदा खुर्चीवरून उठली. जवळच्या एका पोराच्या कमरपट्ट्यातून तिनं पक्कड उपसली, माझ्यापाशी वाकली, आणि माझी वायर मुळापासून कापली. त्या वायरीला मधे एका ठिकाणी लेलंडनं कधीतरी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. तिनं वायरीची गुंडाळी करून पर्समध्ये घातली आणि पर्स बंद केली. 

"अगं, हे काय?" मर्ल म्हणाला.

"पंप ने. वायर माझ्याकडं राहील. कोरीनकडं जा, पुराच्या विम्याची सही कर, कागद मला दाखव आणि वायर घेऊन जा."

"वायर दुकानात मिळते, अर्डिथ."

"मिळते ना. घे जाऊन. आणि मग रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी येऊन बस, बघू बसवतंय का." आता तिचा आवाज फुटला होता. "तू माझ्या स्वयंपाकघरात बसून थट्टा केलीस, मर्ल. मी ती ऐकली. दोष माझा आहे, तुझा नाही. पण मला दुसऱ्यांदा कोणाच्या तरी खुर्चीला 'टाका' म्हणायला लावू नकोस."

 मर्लनं मला गाडीत घातलं.

तेव्हापासून मी त्याच्या गॅरेजमध्ये आहे, बर्फ फेकायच्या यंत्राशेजारी. मोटर त्यानं खरंच बांधून घेतली. वायर आणली नाही, आणि सहीही केली नाही. दर रविवारी चर्चहून आला की तो मला ऐकवतो, "आजही विचारलं तिनं. सगळ्यांसमोर." मग घरात जातो. दोन हिवाळे असेच गेले.

हा तिसरा. बर्फ पुन्हा थरांवर थर आहे. आज सकाळी मर्ल आला, फडक्यानं माझा गोळा पुसला, आणि जिथं वायर असायला हवी त्या भोकात उगाच बोट घालून बघितलं. मग गाडीची किल्ली घेऊन गावात गेला. हार्डवेअरचं दुकान आणि कोरीनचं ऑफिस एकाच रस्त्यावर आहेत, समोरासमोर.

मित्रांनो, शेवटी काहीतरी मागायचं असतं, म्हणून मागतो. तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी राबत असेल तर त्याला वेळेवर तेल द्या, पुसा, चालतं का ते बघा. पण त्याचं कौतुक करून निर्धास्त झोपू नका. जो दुसऱ्यावर विसंबला त्याचा कार्यभाग बुडाला, असं तुमच्याकडं म्हणतातच. मी जमिनीतलं झिरपलेलं पाणी काढतो. नदी माझ्याच्यानं काढवत नाही, कधीच काढवत नव्हती. हे मला लेलंडला सांगता आलं नाही, अर्डिथला सांगता आलं नाही. तुम्हाला सांगतो आहे.

मर्लची गाडी खडीवर वळल्याचा आवाज येतो आहे. त्याच्या हातात वायर असणार, एवढं नक्की. ती नवी आहे, की काळी पट्टी गुंडाळलेली जुनी, तेवढंच मला बघायचं आहे.